दोन फरिश्ते आणि तिसरी वही

रोजनिशी लिहिणाऱ्या माणसांचे दोन प्रकार असतात. पहिला प्रकार १ जानेवारीला मोठ्या उत्साहाने सुरुवात करतो आणि ११ जानेवारीपासून त्याच वहीत दूधवाल्याचा हिशेब मांडू लागतो. दुसरा प्रकार खरोखरच लिहितो. पहिल्या प्रकाराचा इतिहास लिहायला घेतला तर तो फार मोठा होईल, कारण त्यात आपण सगळेच येऊ. दुसऱ्या प्रकारातली मंडळी थोडी आहेत. त्यातल्या त्यात काही तर फार अवघड जागी बसून लिहीत होती.

ही अवघड जागा म्हणजे काय, ते मला आमच्या शेजारच्या हेडमास्तरांमुळे कळले. उर्दू शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली. पाच वेळची नमाज, संध्याकाळी बागेत दोन फेऱ्या आणि रात्री झोपण्यापूर्वी अर्धे पान रोजनिशी, हा त्यांचा नेम आजतागायत मोडलेला नाही. एकदा त्यांनी ती वही मला पाहायला दिली. दुसऱ्याची रोजनिशी वाचायला मिळणे म्हणजे काय पर्वणी असते, हे मी तुम्हाला सांगायला नको! पण आत पाहतो तो काय? पाऊस किती पडला, पेन्शन कधी जमा झाली, नळाला पाणी किती वाजता आले आणि गॅसचा सिलिंडर कधी बदलला. पानेच्या पाने हेच.

"हेडमास्तर, यात तुम्ही कुठे आहात?" मी विचारले.

"कसा असणार?" ते म्हणाले. "पहाटे तीनला उठून तहज्जुद पढलो असं लिहिलं, तर ती रिया झाली. रिया म्हणजे दिखावा. केलेल्या इबादतीवर पाणी! बरं, आज डोळा लागला आणि फजरची नमाज चुकली असं लिहिलं, तर ती गुन्ह्याची जाहिरात झाली. रात्री अल्लानं झाकलेलं पाप माणसानं सकाळी उठून आपणच उघडं करू नये, अशी आमच्याकडे हदीस आहे. चांगलं लिहायचं नाही, वाईट लिहायचं नाही. मग उरलं काय? गॅसचा सिलिंडर!"

शिवाय हिशेब ठेवायला माणसे आधीच नेमलेली आहेत. म्हणजे माणसे नव्हेत, फरिश्ते. उजव्या खांद्यावर बसून एक जण चांगली कृत्ये लिहितो, डावीकडचा वाईट. किरामन कातिबीन हे त्यांचे नाव. आपल्याकडे एकटा चित्रगुप्त साऱ्या त्रैलोक्याचे खाते ओढतो. इथे माणशी दोन कारकून, तेही रजा न घेणारे. तेव्हा अशा चोख बंदोबस्तात तिसरी वही कोणी आणि कशासाठी उघडायची, हा हेडमास्तरांचा प्रश्न काही वावगा नव्हता.

पण माणूस मोठा चमत्कारिक प्राणी. वही उघडणारे निघालेच.

अकराव्या शतकात बगदादमध्ये इब्न अल-बन्ना नावाचा एक विद्वान होता. हंबली पंथाचा, म्हणजे सोवळ्यातला सोवळा. त्याच्या रोजनिशीची १०६८-६९ सालची पाने त्याच्याच हस्ताक्षरात दमास्कसच्या ग्रंथालयात राहिली आणि १९५६-५७ साली जॉर्ज मकदिसी या अभ्यासकाने ती छापून आणली. या सद्गृहस्थाने तोड कशी काढली पाहा. स्वतःच्या पापपुण्याला त्याने फारसा हात घातला नाही. त्याने स्वप्ने लिहिली. स्वतःची, आणि लोक अर्थ विचारायला यायचे त्यांचीही. कोण वारले, कोणाचे कोणाशी बिनसले, अमक्या तरुण पंडिताची मते कशी बिघडत चालली आहेत, हेही आले. स्वप्न हे काही माणसाचे कर्तृत्व नव्हे, त्यामुळे रियाचा प्रश्न नाही. आणि दुसऱ्याची मते बिघडणे हे तर कोणत्याही काळात निर्धास्तपणे लिहिण्याजोगे.

खरा पेच ज्याने अंगावर घेतला तो मात्र बगदादचा नाही. तो फरगाण्याचा. वडील वारल्यावर १४९४ साली अकराव्या वर्षी गादीवर बसलेला, जहीरुद्दीन मुहम्मद बाबर.

बाबर म्हटले की आपल्याला पानिपत आठवते आणि शाळेतली सनावळी आठवून पोटात गोळा येतो. त्याचे पुस्तक त्याने दरबारी फारसीत न लिहिता घरच्या बोलीत, चगताई तुर्कीत लिहिले, हे परीक्षेत कोणी विचारत नाही. या पुस्तकात वेळ कशी सांगितली आहे, तेही नाही. घड्याळाच्या जागी नमाज! जुहर आणि असरच्या दरम्यान निघालो, मगरिबला पोचलो, असा सगळा प्रवास. बारा वर्षांचा असताना तो संशयित अन्न वर्ज्य करतो. चमचा-सुरीपर्यंत विटाळ पाळतो. मध्यरात्रीनंतरची नमाजही क्वचितच चुकवतो. तुमची-आमची मुंज झालेली मुले संध्या कशी टाळतात ते आठवले म्हणजे या पोराचे कौतुक वाटते.

आता याच पुस्तकातले १५१९ साल उघडा. मुक्काम झेलम नदीकाठी, भेऱ्याला. नावेत बैठक जमली आहे आणि पिणे चालले आहे. कुठपर्यंत? तर रात्रीच्या, म्हणजे इशाच्या नमाजाच्या वेळेपर्यंत! पितानासुद्धा घड्याळ तेच. मग मंडळी घोड्यांवर बसली आणि हातात मशाली घेऊन, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला कलत, छावणीत आली. हे आपल्याला काहीच आठवत नाही, सकाळी लोकांनी सांगितले तेव्हा कळले, असे बादशहा स्वतःच लिहितो. तंबूत आल्यावर ओकारी झाली, तेही लिहितो. अहो, कोणी मागितले होते? आपल्या बखरींत स्वारी जेवते, निद्रा करते; ओकत नाही. नाना फडणिसांनी पानिपतापर्यंतचे छोटेसे आत्मवृत्त लिहिताना तरुणपणीच्या वासनांची कबुली दिली आहे खरी, पण तो अपवाद.

माजून खाणारे आणि दारू पिणारे यांची एकत्र बैठक कधी रंगत नाही, असेही एक अनुभवाचे बोल बाबर नोंदवून ठेवतो. दोन्हीकडचा अनुभव असल्याशिवाय असे वाक्य लिहिता येत नाही.

चाळिशी लागली की सोडायची, असे त्याने ठरवले होते. चाळिशीला वर्षही उरले नाही असे दिसले तेव्हा काय केले? आता थोडेच दिवस राहिले म्हणून भरपूर पिऊ लागला! हेही त्यानेच लिहिले आहे. श्रावण लागण्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे जी गटारी साजरी होते तिच्यामागचे तत्त्वज्ञान वेगळे काय आहे? आपली एका रात्रीत उरकते, याची वर्षभर चालली; आणि चाळिशी उलटून गेली तरी श्रावण लागला नाही. गंमत म्हणजे त्याच सुमारास, १५२१-२२च्या आसपास, त्याने कामरान या मुलासाठी नमाज, रोजा, जकात यांचे नियम सांगणारा 'मुबय्यिन' हा पद्यग्रंथ लिहिला. ढोंग म्हणावे तर ढोंगी माणूस ओकारीची नोंद ठेवत नाही. मला वाटते, त्याची दोन्ही पुस्तके खरी होती.

श्रावण लागला तो फेब्रुवारी १५२७मध्ये. समोर राणा सांगा, खानव्याची लढाई तोंडावर, सैन्याचे धैर्य खचलेले. बाबराने तौबा केली. सोन्याचांदीचे पेले फोडून तुकडे गोरगरिबांना वाटले. गझनीहून उंटांवर लादून आलेली ताजी दारू होती, तिच्यात मीठ टाकून सिरका करायला लावला. जवळजवळ तीनशे लोकांनी त्याच्याबरोबर शपथ घेतली. लढाई जिंकल्यावर त्याने शत्रूच्या मुंडक्यांचा मनोरा रचायला लावला. तेही पुस्तकात आहे, त्याच शाईने, आवाज न बदलता. ओकारीची जशी लाज नाही, तशी याचीही नाही. इथे हसू थांबते, आणि थांबलेच पाहिजे. मात्र आज त्याच्याविरुद्ध साक्ष काढायची तर पहिला साक्षीदार तोच. बाप असो की भाऊ, जे जसे घडले तसे लिहिले, गाऱ्हाणे सांगायला नाही की स्वतःची थोरवी गायला नाही, असे त्याने एके ठिकाणी म्हटले आहे. बापाच्या बाबतीत तर शब्द पाळला: पाच वेळची नमाज न चुकवणारा हा बाप इतका जाडा, की घट्ट अंगरखा बांधून श्वास सोडला की बंद तुटत!

हे सारे मी हेडमास्तरांना ऐकवले. ओकारीपाशी त्यांनी कानाला हात लावला. मग मी १५२९चे पत्र सांगितले. तौबा करून दोन वर्षे झाली होती. काबूलकडे असलेल्या ख्वाजा कलाँ या जुन्या मित्राला बाबर लिहितो की, बैठकीची ओढ काही जात नाही, कधी कधी तर अगदी रडू येण्याची वेळ येते. तिकडचे खरबूज कापतानासुद्धा त्याला रडू आले होते.

हेडमास्तर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे लिहिलं ते चांगलं केलं. तौबा केल्यावर तलब मरते, असं लोकांना वाटतं. मरत नाही. फक्त हात पुढे जात नाही."

"पण ही जाहिरात नाही झाली?"

"गुन्ह्याची नाही. दिखावाही नाही, रडू येतं असं सांगून कोण मोठा होतो?" आणि पुस्तक मागून घेऊन गेले. तीन आठवडे परत आले नाही. हेडमास्तरांच्या हाती पुस्तक तीन आठवडे राहणे म्हणजे ते दोनदा वाचले जाणे.

पुढे त्या घराण्यात लिहायची लागणच झाली. मुलगी गुलबदन बेगम हिने १५८७च्या सुमारास अकबराच्या सांगण्यावरून आठवणी लिहिल्या. बाप गेला तेव्हा ती सात-आठ वर्षांची. १५७६ साली सुरतेहून जहाजाने हजला गेली, तीन वर्षांवर तिकडे राहिली, १५८२ साली परतली. एवढी यात्रा केलेली बाई, पण तिच्या पुस्तकाची जी एकच प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, ती त्यापूर्वीच्या हकिगतीवर, कामरानचे डोळे काढल्याच्या प्रसंगानंतर, वाक्याच्या मध्येच तुटते. हजचे एक अक्षर हाती लागत नाही. "रियापासून सुटली बिचारी," हेडमास्तर म्हणाले. पणतू जहांगीर तर दिवसाला वीस पेल्यांवरून सहावर कसे आलो, याचे माप देतो आणि शुक्रवारच्या आदल्या रात्री पीत नाही, असे नोंदवतो. अबुल फजलचा खून आपणच करवला, हेही सांगून टाकतो. पण जहांगीर बेफिकीर आहे. त्याला काही सलते असे वाटत नाही. बाबराला सलते. मला तो आवडतो तो तेवढ्यापुरता.

आणि मुलाच्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढतो, म्हणूनही थोडा. १५२८ साली हुमायूनला त्याने खरमरीत लिहिले: तुझे पत्र कष्टाने वाचता येते पण कळत नाही, साधे लिही, तुलाही त्रास कमी आणि वाचणाऱ्यालाही. हे वाक्य हेडमास्तरांना फार आवडले. उभी हयात त्यांनी तेच केले होते.

एक प्रसंग मात्र मी मुद्दाम राखून ठेवला होता. १५२९चा मे महिना, रमजान चालू. रात्रीची तरावीहची नमाज झाल्यावर बाबर तंबूत लिहायला बसला होता. अचानक वादळ आले आणि पाने गोळा करायच्या आत तंबू डोक्यावर कोसळला. सगळी पाने भिजली. मुश्किलीने जमवून लोकरी गालिच्याच्या घड्यांत घातली, वरून घोंगड्या टाकल्या. वादळ ओसरल्यावर दिवा लावला, मोठ्या खटपटीने शेकोटी पेटवली आणि पहाटेपर्यंत न झोपता हिंदुस्थानचा बादशहा एकेक पान वाळवत बसला. त्यात ओकारीचेही पान असणार, मनोऱ्याचेही.

हेडमास्तर डोळे मिटून ऐकत होते.

"पहाटेपर्यंत?" त्यांनी विचारले. "मग सहरी केव्हा केली?"

"तेवढं काही लिहिलेलं नाही."

"हं," हेडमास्तर म्हणाले. "ते लिहायला हवं होतं."