आजीची ट्रंक आणि पानशेतचा पूर



आमच्या घरात काळ मोजायची एक वेगळीच पद्धत होती. कोणतीही गोष्ट निघाली की आजी आधी विचारायची, "पुराच्या आधीची का नंतरची?" लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरात असं विचारतात. पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतली मंडळी इथे असतील, तर त्यांना हसू येणार नाही. पूर म्हणजे एकच, १२ जुलै १९६१ चा.

ही आजी म्हणजे माझ्या आईची आई. जन्म १९२४ चा, शिक्षण मराठी चौथी. लग्न होऊन पुण्याला आली ती नारायण पेठेतल्या एका वाड्यात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. तळमजल्यावर दोन खोल्या. आजोबा छापखान्यात कंपॉझिटर, दिवसभर खिळे जुळवायचे. मी पाहिलं तेव्हाही त्यांच्या बोटांची टोकं काळसर होती.

ज्यांना इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पानशेतचं धरण अंबी नदीवर, मातीचं. काम पूर्ण झालेलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठू दिलं होतं. पाणी सोडण्याच्या मोरीचं बांधकाम कच्चं राहिलं होतं, ते ढासळू लागलं आणि वरचा भराव खचत गेला. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण वाचवायची शिकस्त केली. बुधवारी सकाळी ते फुटलं. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यावर आलं. १८७९ साली पुरं झालेलं ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटलं.

आता आजीची बाजू. "ह्यांचा डबा भरून झाला होता, तुझी आई शाळेत निघायची होती, आणि एक जण सायकलवरून ओरडत गेला, पाणी आलं, पळा!" पावसाळ्यात नदीला पाणी येतंच, म्हणून पहिल्यांदा कोणी हललं नाही. मग वाड्याच्या दारात पाणी दिसलं. आजीने धाकट्या मावशीला कडेवर घेतलं, मामाचा हात धरला, आईच्या हातात देवातला बाळकृष्ण दिला आणि सदाशिव पेठेत चुलत नणंदेकडे निघाली. कॉटखाली पत्र्याची ट्रंक होती. ती ओढायला ती एकदा वाकली होती, पण मावशी रडायला लागली म्हणून तशीच उठली. हे वाकणं ती दर वेळी सांगायची. का, ते मला फार उशिरा कळलं.

दोन दिवसांनी परत गेली तर वाडा नव्हता. पुण्याचे जुने वाडे म्हणजे लाकडी सांगाडा आणि मातीच्या भिंती. पाणी चढताना त्या उभ्या राहिल्या, भिजून ओसरताना बसल्या. गुडघाभर गाळात एक पितळी गडू सापडला. ट्रंक गेली ती गेलीच. शहरात वीज नाही आणि नळाला पाणी नाही, कारण शहराला पाणी देणारं खडकवासलाच फुटलेलं. तेव्हा लोक पुन्हा जुन्या विहिरी आणि हौदांकडे वळले. आजी म्हणायची, "पुराने घर नेलं आणि प्यायला पेशव्यांनी पाणी दिलं."

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी पुनर्वसनासाठी स. गो. बर्वे यांना पुण्यात आणलं. आमच्या घरी बर्व्यांचं नाव देवासारखं घेतलं जायचं. आमचं कुटुंब आधी अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये राहिलं आणि मग गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली मेणबत्ती आपोआप वाकायची म्हणे. असो.

हे सगळं मी शंभर वेळा ऐकलं होतं आणि शंभर वेळा अर्ध्या कानाने ऐकलं होतं. पूर्ण कानाने ऐकलं ते २००६ साली, आणि तेही कागदपत्रांच्या कटकटीमुळे.

आईच्या ग्रीन कार्डाचं काम काढलं होतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे केलंय, त्यामुळे जास्त सांगत नाही. आईचा जन्मदाखला हवा होता. घरातला ट्रंकेत गेलेला, आणि कचेरीत नोंद सापडली नाही. वकील म्हणाला, हरकत नाही, जन्म प्रत्यक्ष माहीत असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र चालेल. असं माणूस एकच उरलं होतं. डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा आजी ८२ वर्षांची होती.

दुपारी चहा झाल्यावर मी लॅपटॉप उघडून बसलो. नाव, गाव, लग्न कधी, सगळं ती भराभर सांगत होती. तारखा नाहीत, पण खुणा पक्क्या. आईचा जन्म विचारला तर म्हणाली, "पहिल्या निवडणुकीच्या वर्षी, दिवाळी नुकतीच झाली होती." म्हणजे १९५१. आईच्या शाळेच्या दाखल्याशी बरोबर जुळलं. मग मी सहज विचारलं, "एकूण मुलं किती लिहू? तीन ना?"

आजी म्हणाली, "चार लिही."

मी टाइप करता करता थांबलो. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

आईच्या आधीची एक मुलगी होती. गांधीजी गेले त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, म्हणजे १९४८ साली, घटसर्पाने गेली. तीन वर्षांची होती. तिची पत्रिका आणि एकुलता एक फोटो त्या ट्रंकेत होता. आईला नुसतं "आधी एक झालेली" एवढंच माहीत होतं, नावही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "अगं आजी, इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस!" तर म्हणाली, "फोटो होता तोवर बोलायची गरज नव्हती. फोटो गेल्यावर काय दाखवून सांगू? आणि कुणी विचारलं तरी का रे?"

कुणी विचारलं नव्हतं हे खरंच. माझ्या मामेभावाने आदल्याच वर्षी मोठ्या हौसेने कुटुंबाचा वंशवृक्ष करून सगळ्यांना पाठवला होता. त्यात सहा पिढ्या होत्या, अमेरिकेत जन्मलेली आमची पोरंसुद्धा होती. ही मुलगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही नोटरीकडे गेलो. त्याने मसुदा वाचून सांगितलं, कामापुरतं आईचंच लिहा, बाकीच्या मुलांची गरज नाही. आजी एरवी कुणाशी वाद घालणाऱ्यातली नाही. पण म्हणाली, "खरं तेच सांगते अशी शपथ घ्यायची ना? मग चार." त्याने मुकाट्याने चार लिहिलं, चौघांची नावं घातली. आजीने सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. आईचं काम त्या कागदावर झालं. १९४८ साली गेलेल्या मुलीचं नाव असलेला आमच्या घरातला एकमेव कागद अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या फायलीत आहे. त्याची एक झेरॉक्स माझ्याकडे आहे.

आजी २०११ साली गेली. वंशवृक्ष आता दुरुस्त केलाय. ते नाव इथे लिहीत नाही, घरातच राहू दे.

तर सांगायचा मुद्दा असा. पानशेत का फुटलं यावर चौकशी आयोग बसले, पुस्तकं लिहिली गेली, ते सगळं वाचायला मिळतं. कॉटखालच्या ट्रंकेत काय होतं हे मात्र कुठल्याही अहवालात नाही. ते एकाच माणसाला माहीत असतं, आणि ते माणूस विचारल्याशिवाय सांगत नाही. या सुट्टीत घरी जाल तेव्हा खरेदीतून एक दुपार काढा. तारखा विचारू नका, त्या गोंधळतात. सण विचारा, पाऊस विचारा, निवडणूक विचारा. आणि "तीन ना?" असं उत्तर आपणच देऊन विचारू नका. "किती?" एवढंच विचारा, आणि गप्प बसा.