हवाई सुंदरी आणि पर्सर

एके काळी एअर इंडियात हवाई सुंदरीची नोकरी कधी संपायची, माहितीये? वयाच्या ३५ व्या वर्षी (साहेबांची मर्जी असेल तर मुदतवाढ), नोकरीच्या पहिल्या ४ वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की. यातलं जे आधी होईल ते! त्याच विमानातला पुरुष पर्सर मात्र ५८ पर्यंत.

नर्गेश मिर्झा आणि इतर जणी कोर्टात गेल्या. १९८१ साली सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाची अट रद्द केली. लग्नाची मात्र ठेवली! का, तर म्हणे दोघांचं केडरच वेगळं, मग तुलना कसली?

२०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली. पण रजेवरून परतलेल्या मैत्रिणीला 'तुझा रोल आता वेगळा आहे' असं सांगितलं जातं, तेव्हा मला हेच केडर आठवतं.