दम खाण्याची कुळकथा

जिममधल्या ‘हिट’च्या, म्हणजे जोर आणि विश्रांती आलटून-पालटून करायच्या व्यायामाच्या वर्गात सगळा भर दम काढण्यावर असतो. भिंतीवरचं घड्याळ, कर्कश संगीत, ‘अजून दहा सेकंद, थांबू नका!’ अशी आरोळी. मधली विश्रांती म्हणजे पाण्याचा घोट घ्यायची सवलत, एवढंच तिचं स्थान. या व्यायामाचं कूळ धुंडाळत मागे गेलं की मात्र जी माणसं भेटतात, ती त्या विश्रांतीवरच डोळा ठेवून बसलेली असतात.

जोराने पळायचं, थोडं थांबायचं, पुन्हा पळायचं, हे धावपटू फार आधीपासून करत होते. त्याला शिस्त लावली दोन जर्मनांनी. वोल्डेमार गेर्शलर हे ड्रेस्डेनमध्ये धावपटू घडवणारे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हे फ्रायबुर्गचे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांची रीत अशी : आधी हलकं पळून नाडी मिनिटाला १२० ठोक्यांपर्यंत आणायची. मग १००, १५० किंवा २०० मीटर असं पळायचं की ठोके १८०च्या आसपास पोचावेत. मग नाडी मोजायची. ती १२० ते १२५ वर उतरली की पुढची धाव. आणि ९० सेकंदांत उतरलीच नाही तर? तर धाव चुकली. अंतर जास्त झालं किंवा वेग जास्त झाला. जे जास्त झालं ते कमी करायचं, नाहीतर त्या दिवशीचा सराव तिथेच आटोपायचा.

मला या पद्धतीतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पुढची फेरी नाडी ठरवत होती. पळणाऱ्याची जिद्द किंवा प्रशिक्षकाचा आवाज नव्हे. त्यांचं म्हणणं असं, की धाव संपल्यावर ठोके झपाट्याने उतरतात, पण हृदयाकडे परतणारं रक्त काही काळ भरपूरच असतं. त्यामुळे हृदय दर ठोक्याला जास्त भरतं आणि बळकट होतं ते याच विरामात. पुढच्या अभ्यासकांनी जोराच्या धावेलाही मोठं श्रेय दिलं, पण विश्रांती मोजूनमापून घ्यायची हा धडा टिकला.

गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग १५ जुलै १९३९ रोजी मिलानमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळाला. आधीचा विक्रम १:४८.४ होता. एवढ्या छोट्या शर्यतीत एका फटक्यात १.८ सेकंद! हा विक्रम १९५५ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. तो मोडलेला पाहायला हार्बिग नव्हता. १९४४ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो पूर्वेकडच्या आघाडीवर मारला गेला.

याच काळात स्वीडनमध्ये या कुळाची दुसरी शाखा फुटली आणि ती जास्त आनंदी आहे. फिनलंडच्या पाव्हो नुर्मीने स्वीडिश धावपटूंना वर्षानुवर्षं मागे टाकलं होतं. प्रशिक्षक यॉस्टा होल्मेर यांनी त्यांना जंगलवाटांवर नेलं. ना घड्याळ, ना आखलेलं मैदान. चढ आला की जोर लावा, मऊ माती लागली की सैल सोडा, वाटलं तर समोरच्या झाडापर्यंत सुसाट जा. या वेगाच्या खेळाला त्यांनी ‘फार्टलेक’ म्हटलं. जंगलवाटांवर तयार झालेल्या गुंडर हेग आणि आर्ने अँडरसन या दोघा स्वीडिश धावपटूंनी १९४२ ते १९४५ या काळात मैलाचा जागतिक विक्रम सहा वेळा नोंदवला आणि ४ मिनिटं १.४ सेकंदांवर आणून ठेवला.

चार मिनिटांची भिंत फोडली रॉजर बॅनिस्टरने. वैद्यकशास्त्राचा हा विद्यार्थी दुपारच्या सुटीत पाव मैलाच्या दहा फेऱ्या पळायचा, प्रत्येकीनंतर दोन मिनिटं थांबून. १९५४च्या वसंतात गाडी एका फेरीला ६१ सेकंदांवर अडली. हवे होते ६०च्या आत. तेव्हा तो आणि त्याचा सोबती ख्रिस ब्रॅशर सराव सोडून स्कॉटलंडच्या डोंगरात चढाई करायला गेले. परतल्यावर फेरी ५९ सेकंदांत बसली. ६ मे रोजी ऑक्सफर्डमध्ये त्याने ३:५९.४ अशी वेळ दिली. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक बॅनिस्टरच्या अगदी उलट. ४०० मीटरच्या फेऱ्यांवर फेऱ्या घेणारा. त्याने १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,०००, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं नेली, पण ते शरीर सगळ्यांना मिळत नाही.

आज गल्लोगल्ली मिरवणारा ‘ताबाता’ हा या कुळातला धाकटा. जपानच्या स्पीड स्केटिंग संघाच्या सरावावरून इझुमी ताबाता यांनी केलेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस सेकंद जोर, दहा सेकंद थांबा, अशा सात-आठ फेऱ्या. सहा आठवड्यांत फरक स्पष्ट दिसला, पण ती तरुण खेळाडू मुलं होती. प्रयोगशाळेतल्या सायकलवर ती इतका जोर लावत, की आठव्या फेरीनंतर पायडल फिरवणं अशक्य व्हावं. चार मिनिटं उठाबशा काढून त्याला ताबाता म्हणणं ही फसवणूक आहे. आणि नवशिक्याकडून खरा ताबाता करून घेणं धोक्याचं आहे.

तेव्हा वाचकांना माझं सांगणं एवढंच : जोर लावा, पण मधल्या थांब्याची घाई करू नका. श्वास बोलण्याइतका परत आला की पुढची फेरी. दीड-दोन मिनिटांत आला नाही तर वेग उतरवा. कंटाळा येत असेल तर घड्याळ घरी ठेवून विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळा, तिसऱ्यापर्यंत चाला. आठवड्यातून दोनदा पुरे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पोलीसभरतीच्या मुलांनो, रोज १६०० मीटरची परीक्षा देऊ नका. ४००च्या चार फेऱ्या करा, मधे नीट दम खा.