मातीला काडीचा आधार

जीर्णोद्धाराच्या निमित्ताने दगडी कामाची वाखाणणी पुष्कळ होते. परंतु ज्या मातीच्या घरांत कारेगावच्या कित्येक पिढ्या नांदल्या, त्या मातीचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. तो याच शिरूर तालुक्यात फार मागे जातो.

घोड नदीकाठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील, जव पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची शंभरावर घरे तेथे उजेडात आली. भिंती कुडाच्या, वर मातीचे लिंपण. इनामगाव नांदते होते त्याच सुमारास तिकडे इराकमध्ये अकरकूफच्या प्रचंड मनोऱ्यात कच्च्या विटांच्या थरांमध्ये बोरूच्या चटया अंथरल्या जात होत्या!

काळी चिकणमाती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते. दाब ती सोसते, ताण सोसत नाही. भुसा, काड किंवा अंबाडीचे तंतू मिसळले, की भेग फाकू लागताच आडवे आलेले तंतू तिच्या दोन्ही कडा धरून ठेवतात. प्रमाण मात्र बेताचे हवे. तंतू फार झाले तर गुठळ्या होऊन ताकद उलट घटते. यासाठीच चिखल तुडवून मुरत ठेवण्याची रीत होती.

तंतूला शत्रू कीड. अजिंठ्याच्या मातीच्या गिलाव्यात भाताचे तूस व गवत आहे. तेथील चित्रांची किडीने बरीच हानी केली. वेरूळच्या गिलाव्यात मात्र भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंग व मराठवाडा विद्यापीठाचे मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली दाखवून दिले. तो गिलावा किडीपासून बचावला, याचे श्रेय ते त्या तंतूंना देतात. ज्या झाडाचे नाव घेताच लोक हसतात, त्याचा हा उपयोग!

हल्ली जुन्या मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढविला जातो. त्याने आतील ओल कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रा मातीसकट सुटून येतो. अशा भिंतीला भुशाच्या चिखलाचाच हात मानवतो. त्या चिखलाचे प्रमाण जाणणारी वडीलधारी मंडळी गावोगाव थोडीच उरली आहेत. त्यांना विचारून ते लिहून ठेवण्यास एक वही पुरे.