काचेतले देठ

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी नाहूरच्या आमच्या सोसायटीत, जिन्याजवळच्या टेबलावर मी एक पुष्परचना ठेवली. उंच काचेचे भांडे, त्यात उसाची एक पात, पिवळ्या शेवंतीच्या तीन काड्या आणि भाताची लोंबी. वरच्या मजल्यावरचे काका थांबले. म्हणाले, "छान आहे हो, पण दिवाळीत हे जपानी कशाला? झेंडूचं तोरण लावा की, आपलं."

प्रश्न रागाचा नव्हता, म्हणूनच तो मनात राहिला. आपले कोणते आणि परके कोणते? मी शोध सुरू केला तो त्या टेबलावरूनच.

इकेबानाचे मूळ बुद्धापुढे फुले वाहण्याच्या रीतीत आहे. क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातील इकेनोबो सेन्केई यांच्या रचना पाहायला लोक गर्दी करीत, अशी नोंद १४६२ सालची आहे. म्हणजे ही कला दिवाणखान्यात आली ती देवापुढून. तिची जुनी भांडी काशाची, बांबूची, मातीची. काचसामानाची ओढ लागली ती सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजे येऊ लागल्यावर. काचेचे पोर्तुगीज नाव 'विद्रो' जपानी जिभेवर 'बीदोरो' झाले. त्याच दर्यावर्दींच्या भाषेतून आपल्याकडे पगार, चावी, घमेले आले. ते शब्द आज कोणाला परके वाटत नाहीत.

आणि काकांचा झेंडू? तो मूळचा मेक्सिकोकडचा. कोलंबसाच्या आधी तो आपल्या कोणत्याच तोरणात असणे शक्य नाही. शेवंती चीनमधून जपानला गेली आणि तिथे राजचिन्ह झाली. आपल्याकडे ती वेणीत आणि पूजेच्या ताटात बसली.

काचेची आपली गोष्ट तर याहून बोलकी आहे. १८९३ साली निप्पॉन युसेन काइशा या कंपनीची जपान-मुंबई जहाजे सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठी. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०८ साली, तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गोळा केलेला तो निधी. लोकमान्यांचा त्याला पाठिंबा. कारखान्याची तांत्रिक बाजू सांभाळायला आले ईश्वरदास वार्ष्णेय. ते काचतंत्र शिकले होते जपानमध्ये आणि पुढे अमेरिकेत. स्वदेशीचा अभिमान म्हणून मिरवलेली ती भट्टी जपानी धड्यांवरही पेटली होती, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

जपानही शिकतच होता. पाश्चात्त्य फुले नीट मांडता यावीत म्हणून ओहारा उनशिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उथळ पात्रातली 'मोरिबाना' पद्धत काढली. १९२७ साली सोफू तेशिगाहारा यांनी सोगेत्सु परंपरा सुरू केली. फुले कुठेही, कशातही मांडता येतील, ही तिची भूमिका.

काचेत मात्र लपवाछपवी चालत नाही. खिळ्यांची जड चकती, म्हणजे केनझान, मातीच्या पात्रात झाकली जाते. इथे ती उघडी पडते. म्हणून भांड्याच्या तोंडात एक आडवी काडी बेताने बसवायची, फार ताणली तर काच तडकते. देठ त्या काडीवर टेकवायचा, त्याचे खालचे टोक आतल्या भिंतीला लावायचे. भांडे २० सेंमी उंच आणि १० सेंमी रुंद असेल, तर बेरीज ३०. तिची दीडपट, म्हणजे ४५ सेंमी, मुख्य फांदी भांड्याबाहेर दिसावी. दुसरी तिच्या पाऊणपट, सुमारे ३४; तिसरी दुसरीच्या पाऊणपट, सुमारे २५. पाण्याखाली येणारे प्रत्येक पान खुडायचे, पाणी रोज बदलायचे. पाण्याच्या रेषेवर देठ मोडल्यासारखा दिसतो. तो दोष नव्हे, तीही रचनेचीच एक रेघ.

इतिहासाचे वाचन मला याच भांड्यासारखे वाटू लागले आहे. फूल वर सगळ्यांनाच दिसते. देठ कुठून कुठे टेकला आहे, ते पाहायला काच लागते.

यंदा त्याच भांड्यात झेंडू असेल. दादरच्या फुलबाजारातून लांब देठांचा आणायचा आहे. तोरण लावायला काकांनाच बोलावणार आहे. दाराला दोन्ही शोभतील.