हलवलेल्या सामानाचा हिशोब

मलकापूर म्हणजे कराडला लागून, पुणे-बंगळूर महामार्गावरचं आमचं गाव. चोवीस तास मीटरने पाणी देणाऱ्या योजनेमुळे ते मध्यंतरी राज्यभर गाजलं. माझ्या लेखी त्या योजनेचा अर्थ एवढाच होता, की नळ सोडून दात घासत बसलो की आई मीटरकडे बोट दाखवायची. वापर वाढला की दराचा टप्पा वाढतो, हे मला शाळेत असतानाच कळलं.

पुढे इंजिनिअर झालो, तेव्हा डिस्कलाही असाच मीटर असतो हे समजलं. त्याला कोटा म्हणतात. एका मशीनवर अनेकांनी काम करायचं, तर कुणी किती जागा खाल्ली याची नोंद हवी, नाहीतर एकाच्या हावरेपणाने सगळ्यांचं काम थांबतं. ही गरज विद्यापीठांना फार लवकर जाणवली. मेलबर्न विद्यापीठातल्या रॉबर्ट एल्झ यांनी युनिक्ससाठी कोट्याची व्यवस्था लिहिली आणि १९८३च्या ४.२ बीएसडीतून ती सगळीकडे गेली. तिच्यात दोन मर्यादा होत्या. मऊ मर्यादा ओलांडली तर लॉगिन करताना ताकीद मिळायची, कडक मर्यादा मात्र ओलांडताच यायची नाही. विद्यार्थ्यांना ओळखणाऱ्या माणसाचं हे काम आहे, असं मला नेहमी वाटतं.

तेव्हाचा हिशोब सोपा होता. एका फाइलला एक मालक. ब्लॉक घेतला की त्याच्या खात्यात अधिक एक, सोडला की उणे एक.

गुंता झाला तो बटरएफएसमुळे. क्रिस मेसन यांनी २००७ साली ओरॅकलमध्ये असताना ही फाइलसिस्टिम सुरू केली. तिच्यात जुन्या माहितीवर नवी लिहीत नाहीत. बदललेला भाग दुसऱ्या जागी लिहितात आणि न बदललेला भाग सगळे मिळून वापरतात. त्यामुळे अख्ख्या डिस्कचा स्नॅपशॉट क्षणात निघतो. पण मग मालक कोण? आपल्याकडे सामाईक विहिरीचं असतं तसंच. सातबाऱ्यावर पाच भावांची नावं. एकाने हक्क सोडला, तर विहीर आता कुणा एकट्याची झाली का, हे सांगायला उरलेले सगळे हिस्सेदार बघावे लागतात. २०१२च्या लिनक्स ३.६ मध्ये आर्ने यान्सेन यांचे 'क्यूग्रुप' आले, ते हेच करायचे. प्रत्येक खात्याचे दोन आकडे: एकूण किती जागेवर नाव आहे, आणि त्यातली फक्त स्वतःची किती. ब्लॉकला हात लागला की त्याच्याकडे बोट दाखवणारं प्रत्येक झाड शोधायचं, बदलाच्या आधीचं आणि नंतरचं.

मला याची किंमत २०१९ साली कळली. पहिली नोकरी, जुन्या कर्नलचा सर्व्हर, दर तासाला स्नॅपशॉट, प्रत्येक टीमला कोटा. शनिवारी रात्री मी बॅलन्स लावला, म्हणजे डिस्कवरची माहिती नीट रचून ठेवण्याचं काम. रविवारी दुपारपर्यंत ते रखडलं होतं आणि लॉगिन करायलाही काही मिनिटं लागत होती. सोमवारी सकाळी लोक कामाला येणार होते. सीनिअरने फोनवर सांगितलं, "कोटा बंद कर." केला. बॅलन्स बघता बघता संपला. मी मात्र कोटा पुन्हा सुरू करायला विसरलो. बुधवारी एका टीमच्या लॉगने डिस्क तुडुंब भरली आणि चार टीम हात बांधून बसल्या. चूक शंभर टक्के माझी.

गंमत अशी, की तोवर या दुखण्यावर औषध निघालेलं होतं. सूझेमधले चू वेनरुओ यांनी २०१८-१९ मध्ये एकामागून एक पॅच दिले. विचार साधा होता. बॅलन्समध्ये माहितीची जागा बदलते, मालकी नाही. दप्तर या कपाटातून त्या कपाटात गेलं म्हणून सातबाऱ्यावरची नावं बदलत नाहीत. कोट्याचं यंत्र मात्र आधीची आणि नंतरची अख्खी फांदी मोजत बसायचं, आणि शेवटी उत्तर यायचं शून्य. त्याहून वाईट म्हणजे हलवाहलवीसाठी एक तात्पुरतं झाड बांधलेलं असतं, ते पाडतानाही मोजणी चालायची. घर बदलताना केलेली सामानाची यादी फाडून टाकायची, तर फाडताना पुन्हा भांडी कोण मोजतं? त्या झाडाचा खात्यांच्या आकड्यांशी संबंधच नसतो, जो होता तो अदलाबदलीच्या वेळी नोंदवून झालेला असतो. म्हणून ते पाडताना मोजणी वगळली. नुसता मेटाडेटा हलत असेल, तर त्याखालच्या डेटाचा माग काढणंही सोडलं. आणि उरलेली फांद्यांची तपासणी पुढे ढकलली: त्या भागात खरंच कुणी काही लिहिलं, तरच ती करायची.

या वगळण्यात आकडा बदलत नाही. म्हणूनच ते मला पटतं. सगळंच वगळणं असं निर्धोक नसतं. मोठा स्नॅपशॉट पुसताना मोजणी खरोखर लागते, कारण सामाईक जागा कुणा एकाची होऊ शकते. २०२२च्या लिनक्स ६.१ मध्ये तिथेही सूट आली, पण ठरावीक उंचीपेक्षा मोठी फांदी असेल तर मोजणी सोडताना 'हे आकडे आता विश्वासार्ह नाहीत' अशी खूण केली जाते. पुन्हा खरे आकडे हवेत तर सगळी डिस्क नव्याने मोजून घ्या. अंदाजे रीडिंग टाकून बिल पाठवण्यापेक्षा हे बरं.

जानेवारी २०२४च्या लिनक्स ६.७ मध्ये मेटाच्या बोरिस बर्कोव्ह यांनी तर प्रश्नच बदलला. त्यांच्या 'साध्या कोट्या'त ज्याने ब्लॉक पहिल्यांदा लिहिला, त्याच्याच नावावर तो कायम. नंतर कितीही जण वाटेकरी झाले तरी शोधाशोध नाही. विहीर ज्याने खणली त्याची. वेगवान आहेच, पण ज्याने खणली तो हक्क सोडून गेला, तरी दुसरं कुणी पाणी पीत असेपर्यंत विहीर त्याच्याच नावावर दिसते. भाडेतत्त्वावर हजारो कंटेनर चालवणाऱ्याला हे चालेल. स्वतःची फाइल पुसूनही आकडा का उतरत नाही, असं विचारणाऱ्या माणसाला समजावणं मात्र अवघड आहे.

माझ्या घरच्या मशीनवर अजून पूर्ण हिशोबाचाच कोटा आहे. स्नॅपशॉट दहाच्या वर जाऊ देत नाही.