माफी मिळाली, निकाल राहिला

* राज्यपालांची माफी : नौदल अधिकारी कावस नानावटी यांची खुनाबद्दलची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१मध्ये कायम केली. १९६४ साली महाराष्ट्राच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली आणि नानावटी सुटले. खुनाचा निकाल मात्र जागचा हलला नाही. राष्ट्रपतींच्या माफीनेही न्यायालयीन नोंद बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुढे केहर सिंग प्रकरणात (१९८८) स्पष्ट केले.

माफीविनाही काही हक्क परत मिळतात. तुरुंगात असेपर्यंत कैद्याला मतदान करता येत नाही, सुटल्यावर येते. निवडणूक लढवायला मात्र थांबावे लागते. दोन वर्षे वा अधिक कैद झालेला माणूस सुटकेनंतर आणखी सहा वर्षे अपात्र असतो. निवडणूक आयोगाला ही मुदत घटवता येते. भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेले सिक्कीमचे मुख्यमंत्री प्रेमसिंग तमांग यांना २०१९मध्ये ही सवलत मिळाली.

नोंदच नष्ट करण्याची तरतूद बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम २४मध्ये आहे, तीही ठरावीक मुदतीनंतर. प्रोबेशनवर सोडलेल्या प्रौढांची अपात्रता १९५८च्या प्रोबेशन कायद्याचे कलम १२ टाळते. दोषसिद्धी पुसत नाही.
— संपादक